चौकटीतला दिवा

जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. १६०८ च्या रामनवमीला इथे ठोसरांच्या घरी, सूर्याजीपंत आणि राणूबाईंच्या पोटी, नारायणाचा जन्म झाला. त्याच्या लहानपणची एक आख्यायिका मराठी घरांत आजही सांगितली जाते. पोर कुठे दिसेना म्हणून राणूबाई घरभर शोधत फिरल्या, तेव्हा नारायण एका अंधाऱ्या खोलीत एकटाच बसलेला सापडला. इथे काय करतोस म्हणून आईने विचारलं, तर जगाची काळजी वाहतोय असं उत्तर आलं.

हा प्रसंग, हातात दिवा घेऊन पोराला शोधणाऱ्या राणूबाईंसह, गावातल्याच एखाद्या जुन्या वाड्यात चित्रित करायचा आहे, असं धरून चालू. हाताशी मोठं युनिट नाही, जनरेटर नाही. एक साधा कॅमेरा किंवा बरा फोन, चार-पाच मित्र आणि बाजारात प्रत्येकी हजार रुपयांच्या आत मिळणारे चार स्मार्ट बल्ब. एवढ्या सामानावर हा प्रसंग नीट उभा राहू शकतो. मात्र बल्ब आतून कसा चालतो आणि कॅमेऱ्याला तो कसा दिसतो, हे आधी समजून घ्यावं लागतं.

चौकटीत जो दिवा प्रत्यक्ष दिसतो त्याला चित्रपटवाले प्रॅक्टिकल म्हणतात. समई, कंदील, आढ्याला लोंबणारा बल्ब, चालू टीव्ही, सगळे प्रॅक्टिकल. उजेड कुठून येतो हे प्रेक्षकाला सांगायचं, हे त्याचं पहिलं काम, आणि ते तो हमखास करतो. माणसांवर पुरेसा उजेड टाकणं हे दुसरं काम, ते सहसा त्याच्याच्याने होत नाही. का होत नाही, ते राणूबाईंच्या हातातल्या दिव्यावरूनच पाहू.

मेणबत्तीएवढ्या ज्योतीचा उजेड एक मीटरवर साधारण एक लक्स पडतो. अंतर दुप्पट झालं की तो चौथाई होतो, तिप्पट झालं की नववा हिस्सा उरतो. आईच्या चेहऱ्यापासून ज्योत अर्ध्या मीटरवर असेल, तर चेहऱ्यावर चार लक्स. कोपऱ्यातलं पोर ज्योतीपासून तीन मीटरवर असेल, तर त्याच्यावर एक नवमांश लक्स. म्हणजे आईवर पोराच्या छत्तीस पट उजेड. कॅमेऱ्याच्या हिशेबात, जिथे उजेड दुप्पट झाला की एक स्टॉप धरतात, हा पाच स्टॉपहून अधिक फरक झाला. आईचा चेहरा नीट दिसेल असं एक्स्पोजर लावलं तर पोर काळोखात बुडतं, आणि पोर दिसेल असं लावलं तर आईचा चेहरा पांढराफटक पडतो. आपला डोळा एवढा फरक सहज सांभाळून घेतो, सेन्सरला ते जमत नाही.

नुसत्या ज्योतीवर चित्रण करता येतच नाही असं नाही. स्टॅन्ली कुब्रिक यांनी ‘बॅरी लिंडन’ या १९७५ च्या चित्रपटात मेणबत्त्यांच्या उजेडात प्रसंग टिपले. त्यासाठी त्यांना झाइस कंपनीने नासासाठी बनवलेली एफ ०.७ ची भिंगं वापरावी लागली, आणि मेणबत्त्याही ढिगाने लावाव्या लागल्या. आजचे कॅमेरे त्या काळच्या फिल्मपेक्षा कितीतरी जास्त संवेदनशील आहेत, त्यामुळे एफ १.८ च्या साध्या भिंगाने ज्योतीजवळचा चेहरा मिळून जातो. अंतराचा हिशेब मात्र कुठलाही कॅमेरा बदलू शकत नाही. कोपऱ्यातल्या पोरासाठी दुसरा उजेड लागतोच, आणि तो आईच्या दिव्याचाच वाटायला हवा. स्मार्ट बल्बचं खरं काम इथे आहे. तो चौकटीबाहेर लपून ज्योतीला हातभार लावतो.

आता बल्बकडे वळू. ९ वॅटचा स्मार्ट बल्ब पूर्ण क्षमतेने लावला तर सुमारे ८०० ल्यूमेन उजेड देतो, म्हणजे जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बाइतका. त्याच्या दुधी घुमटाखाली चकतीवर एलईडीचे बारीक ठिपके बसवलेले असतात. काही ठिपक्यांवर पिवळट लेप दिसतो. हे पांढऱ्या उजेडाचे, आणि त्यातही दोन जाती असतात, एक कोमट पिवळसर आणि एक थंड निळसर. बाकीचे लाल, हिरवे, निळे. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. त्याच्यावरचा फॉस्फरचा लेप निळ्यातला काही भाग शोषून पिवळा-नारिंगी उजेड सोडतो, आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. असा कामाचा निळा एलईडी घडवल्याबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

अ‍ॅपमध्ये पांढरे आणि रंगीत ठिपके वेगळे असल्यामुळेच दोन वेगळी पानं असतात, एक पांढऱ्या उजेडाचं, एक रंगांचं. खोक्यावर १ कोटी ६० लाख रंग असं छापलेलं असतं आणि नवा माणूस साहजिकच रंगांच्या पानावर जातो. चेहरा उजळायचा असेल तेव्हा तिथे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लाल, हिरवा आणि निळा मिसळून केलेला पिवळा डोळ्याला पिवळा दिसतो, पण त्यात मधल्या छटांची भोकं असतात. माणसाच्या कातडीला त्या मधल्या छटाच लागतात. त्या नसल्या की चेहरा मेणाचा वाटतो. शिवाय रंगांच्या पानावर बहुतेक बल्बांचा उजेडही बराच उतरतो. पांढऱ्याच्या पानावर राहावं, केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा) खाली आणावं आणि पिवळा तिथूनच घ्यावा.

पांढरं पानही सगळ्या बल्बांचं सारखं चांगलं नसतं. सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ८० लिहिलेल्या पुष्कळ बल्बांत गडद लाल छटा फार कमी असते. ही उणीव पकडायला महागडं यंत्र लागत नाही. एका ताटात कुंकू, हळद, शेंदूर आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा ठेवा. शेजारी कुणाचा तरी हात ठेवा. आधी दिवसा खिडकीच्या उजेडात फोटो घ्या, मग रात्री फक्त त्या बल्बाखाली, व्हाइट बॅलन्स बल्बाच्या केल्विनवर बांधून. दोन फोटो शेजारी ठेवले की बल्बाची पत कळते. गडद लाल कमी असेल तर शेंदूर विटकरी, मळकट दिसतो, कुंकवाची धग जाते आणि तळहाताची लाली नाहीशी होते. मारुतीच्या देवळातला प्रसंग घ्यायचा असेल तर असा बल्ब मूर्तीवर टाकूच नये. तो मागच्या भिंतीसाठी वापरावा.

याच ताटावर एकदा रंगांचं पानही लावून पाहा. पूर्ण निळ्या उजेडात कुंकू काळं पडतं, कारण कुंकू फक्त लालच परतवतं आणि निळ्यात लाल नसतोच. हळदही काळसर होते. पूर्ण लाल केलं तर उलटं होतं: कपाळ आणि कुंकू दोन्ही सारखेच लाल उजळतात आणि कपाळावरचं कुंकू पुसल्यासारखं दिसतं. बाईच्या कपाळावरचं कुंकू कथेत महत्त्वाचं असेल आणि दिग्दर्शकाला खोली लाल हवी असेल, तर रंगाची तीव्रता १०० वरून ६०-७० टक्क्यांवर आणावी लागते, म्हणजे त्यात थोडा पांढरा मिसळतो आणि कुंकू परत येतं. कॅमेऱ्याच्या दृष्टीनेही हे बरं. तीव्र निळ्यात सेन्सरचा एकच रंग भरून वाहतो आणि चेहऱ्याचा तपशील एका सपाट डागात जातो, मग संगणकावर कितीही रंगकाम केलं तरी तो मिळत नाही.

आता ज्योत आणि बल्ब यांची जोडी जमवू. तेलाच्या दिव्याचा उजेड साधारण १९०० केल्विनचा. स्मार्ट बल्ब खाली २२०० किंवा २७०० पर्यंतच येतो. दोघं शेजारी आले की बल्बाचा उजेड ज्योतीपेक्षा फिका दिसतो आणि खोटेपणा तिथेच उघडा पडतो. उपाय जुनाच आहे, नारिंगी जिलेटिनचा. लाइटमनकडे सीटीओ नावाचा कागद असतो. २७०० च्या बल्बासमोर अर्धा सीटीओ धरला तर उजेड २२०० च्या आसपास येतो, पूर्ण धरला तर जवळजवळ १९०० वर, म्हणजे ज्योतीच्या शेजारी. कागद बल्बाला गुंडाळू नये, चार बोटं अंतरावर टांगावा, कारण एलईडीचा घुमट फारसा तापत नसला तरी त्याचा बुडखा, जिथे वीज सांभाळणारं सर्किट असतं, चांगलाच तापतो आणि त्याला हवा लागते.

दुसरी किल्ली कॅमेऱ्याकडे असते. व्हाइट बॅलन्स ऑटोवर असेल तर सगळी मेहनत वाया जाते. आई दिवा घेऊन आली की कॅमेरा आपणहून तो नारिंगी रंग पुसून पांढरा करायला बघतो. व्हाइट बॅलन्स ३२०० वर बांधून ठेवा, मग १९०० ची ज्योत छान तांबूस दिसते. फोनवर काम करत असाल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट अ‍ॅप २०२३ पासून आयफोनवर आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरही आहे. त्यात व्हाइट बॅलन्स, शटर आणि आयएसओ तिन्ही हाताने बांधता येतात. खिडकीतून चांदणं हवं असेल तर तिथेही निळ्या रंगाकडे धावायची गरज नाही. खिडकीबाहेर एक बल्ब पांढऱ्या पानावर ६५०० वर ठेवा. ३२०० वर बांधलेल्या कॅमेऱ्याला तो आपसूक निळसर दिसतो आणि चेहऱ्याची कातडीही शाबूत राहते.

बल्ब ठेवायचा कुठे? आई ज्या दारातून येते त्याच बाजूला, चौखटीच्या आड, आईच्या हाताच्या उंचीवर. वरून टाकलेला उजेड हातातल्या दिव्याचा वाटत नाही, डोळ्यांच्या खोबणीत पडणारी सावलीच चुगली करते. पोराच्या बाजूला ज्या दिशेने सावली पडायला हवी तीच पडते की नाही, हे ज्योत विझवून फक्त बल्बावर एकदा पाहावं, मग फक्त ज्योतीवर. दोन्ही सावल्या एकाच बाजूला गेल्या पाहिजेत. बल्बासमोर ट्रेसिंग पेपर लावला की सावलीची कड मऊ होते. काठावर काळं कापड धरलं की भिंतीवर नको तिथे सांडणारा उजेड तुटतो. जुन्या मातीच्या भिंती उजेड बऱ्यापैकी गिळतात, ही त्यांची मोठी मदत. चुन्याने रंगवलेली खोली असेल तर उजेड सगळीकडे उडतो आणि अंधार राखणं जड जातं.

आई पुढे येते तसा पोरावरचा उजेड वाढायला हवा. पूर्वी यासाठी पिवळा बल्ब आणि डिमरस्टॅट लागायचा आणि कुणीतरी मूठ फिरवत बसायचं. आता तेच फोनवर सरकपट्टीने होतं. इथे दोन अडचणी येतात. एक, स्वस्त बल्ब १ टक्क्यावरून वर येताना पायऱ्या-पायऱ्यांनी येतो, आणि अंधारात ती प्रत्येक पायरी दिसते. दोन, त्याचा १ टक्काही ज्योतीच्या मानाने बराच असतो. म्हणून बल्ब ३० ते ७० टक्क्यांच्या पट्ट्यात चालवावा आणि एकूण उजेड कागद, कापड किंवा अंतर वाढवून पाडावा. त्या पट्ट्यात सरकपट्टी मऊ चालते. सुरुवातीला पोर अजिबात दिसायला नको असेल, तर बल्बासमोर थर्माकोलचा काळा केलेला तुकडा धरून एक माणूस बसवा आणि आईच्या पावलांबरोबर तो सरकवा. मला तर हीच पद्धत जास्त भरवशाची वाटते, कारण हाताला वाय-फाय लागत नाही.

अ‍ॅपमध्ये मेणबत्ती किंवा शेकोटी नावाचे तयार परिणाम असतात. ते वापरूच नयेत. त्यांची लय थोड्याच वेळात परत परत येते आणि प्रेक्षकाला ती सांगता आली नाही तरी खुपते. शिवाय बंद खोलीत ज्योत फडफडत नाही, ती शांतपणे जळते. हलते ती आईच्या चालण्याने. म्हणून आई चालत असताना बल्बासमोर बोटं किंचित हलवावीत, आई थांबली की बोटंही थांबवावीत.

चौकटीत दिसणाऱ्या दिव्याचं गणित निराळं. समजा दुसरा प्रसंग आजच्या जांबमधला आहे. दहावीतली मुलगी रात्री अभ्यासाला बसली आहे आणि वर होल्डरला बल्ब लोंबतोय. २०१५ पासून उजाला योजनेतून स्वस्त एलईडी बल्ब देशभर घरोघर गेले, त्यामुळे आज खेड्यातल्या घराचा रात्रीचा रंग पांढरा आहे. गोष्ट आजची असेल तर तो पांढराच ठेवावा, उगाच पिवळा करून जुन्या आठवणी जागवू नयेत. गोष्ट १९९५ ची असेल तर मात्र घरातले सगळे पांढरे बल्ब काढून २७०० चा पिवळा हवा. आपल्याकडे दोन पिनांचा, बी-२२ होल्डर असतो. बल्ब घेतानाच तो पाहून घ्यावा, आट्यांचा आणला तर जोडणी लागते.

लोंबता बल्ब चौकटीत असेल तर तो चेहऱ्यापेक्षा दोन ते तीन स्टॉप उजळ असावा. त्याहून जास्त झाला की पांढरा डाग होतो, कमी झाला की तो पेटलेलाच वाटत नाही. त्यासाठी तो बहुधा १० ते २० टक्क्यांवर आणावा लागतो आणि मग वहीवर उजेड उरत नाही. इथे जोडीचा दुसरा बल्ब कामाला येतो. पहिल्याच्या थेट वर किंवा थोडा मागे, चौकटीच्या वरच्या कडेबाहेर, त्याच केल्विनवर, ७०-८० टक्क्यांवर. वही आणि चेहरा दुसरा उजळतो, श्रेय पहिल्याला मिळतं. दुसरा बल्ब नसेल तर पहिल्याच्या घुमटाच्या कॅमेऱ्याकडच्या अर्ध्या भागावर ट्रेसिंग पेपरचे दोन-तीन थर चिकटवा. कॅमेऱ्याला तो मंद दिसतो, मुलीला पूर्ण मिळतो.

१९९५ च्या प्रसंगात एक बारकावा जरूर घ्यावा. शेजारी मोटार सुरू झाली की व्होल्टेज पडायचं आणि पिवळा बल्ब मंद व्हायचा. मंद होताना तो लालही व्हायचा, कारण तार थंड पडली की तिचा उजेड तांबडा होतो. एलईडीत तार नाही, आणि त्याचं सर्किट व्होल्टेज पडलं तरी उजेड बराचसा धरून ठेवतं. मंद केला तरी त्याचा रंग बदलत नाही. म्हणून तो जुना क्षण हवा असेल तर दोन सरकपट्ट्या एकदम हलवाव्या लागतात, उजेड ८० वरून ४० वर आणि केल्विन २७०० वरून २२०० वर. अर्ध्या सेकंदात खाली, मग सावकाश परत वर. मराठवाड्यात वाढलेला प्रेक्षक त्यावरून घर ओळखतो.

फ्लिकरचा भाग कोरडा आहे पण टाळता येत नाही. मंद केलेला एलईडी प्रत्यक्षात मंद नसतो. तो सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद होतो आणि डोळ्याला सरासरी दिसते. सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो, त्यामुळे वेगवान शटरला काही ओळी चालू क्षणात पडतात, काही बंद क्षणात, आणि पडद्यावर आडवे पट्टे सरकतात. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साध्या बल्बाचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/५० वर ठेवलं की त्यात बरोबर दोन फेरे पूर्ण बसतात आणि पट्टे जातात. सेकंदाला २५ फ्रेमला १८० अंशांचं शटर म्हणजे १/५०, २४ फ्रेमला १७२.८ अंश. घरीच चाचणी करावी: शटर १/१००० करून बल्ब १००, ५० आणि १० टक्क्यांवर पाहावा. पट्टे १० वर दिसले आणि ५० वर दिसले नाहीत, तर त्या बल्बाला ५० च्या खाली उतरवायचं नाही. स्लो मोशन घ्यायची असेल तर स्वस्त बल्बाचा नादच सोडावा. खास चित्रीकरणासाठी बनवलेले बल्ब, जसा अपुचरचा बी७सी, ज्यात बॅटरीही असते, भाड्याने मिळाले तर आणावेत. कंदिलात बल्ब बसवून पात्राला चालत न्यायचं असेल तर त्यांना पर्याय नाही.

उरलं गावातलं नेटवर्क. बहुतेक वाय-फाय बल्ब २.४ गिगाहर्ट्झवरच जोडले जातात, तेव्हा फोनचा हॉटस्पॉट त्याच पट्ट्यावर ठेवा. हॉटस्पॉट एका फोनवर आणि अ‍ॅप दुसऱ्या फोनवर असलेलं बरं, आणि हॉटस्पॉटचा फोन घेऊन कुणी चहाला जाऊ नये. हॉटस्पॉटचं नाव आणि पासवर्ड कायम एकच ठेवला तर पुढच्या घरात बल्ब आपोआप जोडले जातात. आदेश चारही बल्बांना एकाच क्षणी पोचत नाहीत, एखादा मागे राहतो, म्हणून शॉटमध्ये शक्यतो एकच बल्ब बदलावा. अ‍ॅपमध्ये वीज परत आल्यावरची स्थिती ‘आधीची’ अशी निवडावी, नाहीतर लाइट जाऊन आली की सगळे बल्ब भकभकीत पांढरे पेटतात. भिंतीवरच्या बटणांवर टेप लावावा, कारण घरातली माणसं सवयीने बटण बंद करतात आणि बंद बटणापुढे अ‍ॅपचं काही चालत नाही.

रात्रीचं चित्रण असेल तर ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला आधी कळवावं. ऑगस्ट २०२२ मध्ये जांबच्या राममंदिरातल्या मूर्ती चोरीला गेल्या होत्या. पुढे त्या सापडल्या, पण अपरात्री वायरी आणि पिशव्या घेऊन फिरणारी अनोळखी पोरं पाहून गावकऱ्यांनी विचारपूस केली तर ती रास्तच आहे. देवळातल्या वायरिंगला हात लावू नये, तिथे नेहमीचे दिवे लागलेले असतील तेच प्रॅक्टिकल धरून कॅमेरा लावावा.

वाड्यातलं काम आटोपलं की घरमालकाचे बल्ब ज्या होल्डरचे त्या होल्डरला परत बसवायचे, टेप काढायचे आणि प्रत्येक बटण एकदा दाबून पाहायचं. आपल्या बल्बांच्या बुडख्यावर मार्करने १ ते ४ आकडे टाकून अ‍ॅपमध्येही तीच नावं द्यायची, म्हणजे पुढच्या वेळी चौखटीआडचा कुठला आणि खिडकीबाहेरचा कुठला हे शोधत बसावं लागत नाही.